पाव किलो दाब

हा किस्सा सुरतेच्या पांडेसऱ्यात पुष्कळांनी ऐकला आहे, आणि बहुतेकांनी माझ्याच तोंडून. एका मिस्तरीने शेठच्या जुन्या स्पोर्ट्स कारला जनरेटरचा टर्बो बसवला, प्लॅस्टिकच्या नळीत पाणी भरून दाब मोजला, आणि डुमस रोडवर शेठच्या साळ्यादेखत इंजिन फोडलं. चहाच्या लारीवर म्हणजे हातगाडीवर, लग्नाच्या पंगतीत, कुणाच्या दहाव्याला गाडीची वाट बघत बसलेलो असताना, मी हा किस्सा पंचवीस-तीस वर्षं रंगवून सांगत आलो. मिस्तरी शिडीवर चढून नळीतलं पाणी डोळे बारीक करून बघतो, ती नक्कल मला चांगली जमते. किस्सा एका जागी खोटा आहे. ती जागा कोणती, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

सुरतेत प्लेग येऊन गेला त्यानंतरच्या वर्षातली गोष्ट. मी एका डाइंग हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या मिलमध्ये, बॉयलरवर होतो. मिस्तरी तिथेच मेंटेनन्सला होता. आम्ही दोघे अमळनेरकडचे. तो माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, मला अरे-तुरे करायचा, मी त्याला मिस्तरी म्हणूनच हाक मारायचो. रंगाच्या जेट मशीनचा पंप नुसता आवाजावरून ओळखणारा माणूस. बेअरिंग जाणार असेल तर चार दिवस आधी सांगायचा, आणि चौथ्या दिवशी ते जायचं. त्याच्या हाताखालून गेलेला नट पुन्हा कोणी तपासत नसे, तो स्वतःही नाही. नट बसला की त्यावर रेड ऑक्साइडचा एक ठिपका द्यायचा, अर्धा नटावर, अर्धा बोल्टवर. ठिपका तुटला तर समजायचं, कुणीतरी हात लावला. ती त्याची सही होती.

मिलच्या शेठकडे एक इंग्रजी दोन माणसांची गाडी होती, वर टप नसलेली, लाल. नवसारीच्या एका बंगल्यातून त्यांनी ती घेतली होती. ती महिन्यातून एकदा चालायची आणि तीनदा ढकलायला लागायची. पण शेठच्या साळ्याने, बायकोच्या भावाने, त्या वर्षी बाहेरून आलेली नवी गाडी घेतली आणि तिला टर्बो होता. साळा घरी जेवायला आला की भाजी कशी झाली हे सांगायच्या आधी टर्बोचं सांगायचा. मग एक दिवस शेठ बॉयलर हाउसमध्ये आले आणि म्हणाले, “टर्बो आपणे पण जोईए. पण घरनो.”

टर्बो आपल्यालाही हवा, पण घरनो, म्हणजे विकत काही आणायचं नाही. मिलमध्ये जे पडलं आहे त्यातून करायचं. शेठच्या मनात हे आलं ते माझ्यामुळे, हेही सांगून टाकतो. ब्लॉक फुटून भंगारात काढलेल्या जनरेटरला टर्बो आहे आणि तो शाबूत आहे, हे मीच त्यांना सांगितलं होतं. टर्बो म्हणजे काय हे मला तेव्हा इतकंच ठाऊक होतं की धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि तो इंजिनात हवा कोंबतो. कोंबणं, दाब, वाफ ही माझी भाषा होती. मी शेठना म्हणालो, टर्बो लागला की गाडी उडेल. शेठ खूश झाले. काम मात्र मिस्तरीला दिलं.

प्लॅन आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी बॉयलर हाउसमध्ये बसून केला. कागद नव्हता म्हणून डाग पडलेल्या साडीचा एक तुकडा अंथरला आणि मिस्तरीने कापडाचे ताके मार्क करायच्या पेनने त्यावर चित्र काढलं. एक्झॉस्टचा पाइप बॉयलर ट्यूबच्या तुकड्यांतून. टर्बोला तेल हवं, ते इंजिनाच्या प्रेशर स्विचच्या भोकातून तांब्याच्या नळीने. थंड हवेसाठी ऑफिसच्या मोडलेल्या एसीची जाळी. इंजिन म्हातारं आहे, त्याच्या पिस्टनवर एकदम भार नको, म्हणून हेडखाली तांब्याचं जाड पॅकिंग. आणि शेवटी, टर्बो आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये एक वाल्व. स्प्रिंग, चकती, वर नट. दाब ठरल्यापेक्षा वाढला की चकती उचलेल आणि जादा हवा बाहेर जाईल.

“सेफ्टी वाल्वच आहे,” मी म्हणालो.

“सेफ्टी वाल्वच. पण पाव किलोचा.”

मला हसू आलं. माझा बॉयलर चौरस सेंटिमीटरला दहा किलो दाबावर चालायचा. पाव किलोला आमच्याकडे दाब म्हणत नसत, गळती म्हणत. मिस्तरीने मात्र कापडावर पाव किलो लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. हे डिझेल नाही, पेट्रोल आहे, म्हणाला, जास्त कोंबलं तर पिस्टनच्या डोक्यावर हातोडे बसतील.

काम दीड महिना चाललं. शेठ रोज येऊन विचारायचे की किती झालं, आणि मी उत्तर द्यायचो, कारण मिस्तरी कामात असताना बोलत नसे. त्यामुळे शेठना हळूहळू असं वाटायला लागलं की डोकं माझं आहे आणि हात त्याचे. मी ते दुरुस्त केलं नाही. माझा खरा वाटा एकच होता, गाडीच्या डॅशबोर्डवर बसवायला दाबाचा काटा. स्टोअरमधून मी बॉयलरचा घड्याळाएवढा नवाकोरा गेज काढून आणला, शून्य ते सोळा किलोचा. मिस्तरी म्हणाला, यावर पाव किलो दिसणार नाही. मी म्हणालो, शोभेला तरी राहील.

वाल्व सेट करायच्या दिवशी त्याने सहा मीटर पारदर्शक नळी आणली, यू करून शिडीला उभी बांधली, पाणी भरलं. अडीच मीटर पाण्याचा दाब म्हणजे पाव किलो. कॉम्प्रेसरची हवा सोडून शिडीवर चढून बघायचा, पाणी खुणेवर आलं आणि वाल्व सुसकारला की नट तिथेच. असं पाच वेळा करून बघितलं. मग रेड ऑक्साइडचा ठिपका. पुढे ज्या नकलेवर लोक हसले ती हीच. खरं तर इतकं बिनचूक माप मी आयुष्यभर बॉयलरवर केलं नाही.

शनिवारी ट्रायल झाली. मिस्तरीने गाडी उधन्याच्या बाजूला फिरवून आणली, मी शेजारी बसलो. गाडी आधीपेक्षा बरी चालली, चढाला ओढ जाणवली. पण उडाली नाही. माझ्यासमोरचा सोळा किलोचा काटा शून्याच्या खिळ्याला टेकून बसला होता. एकदा मी काचेवर टिचकीसुद्धा मारली. शेठनी विचारलं, काटो केम नथी हालतो? काटा का हलत नाही ते मिस्तरीने समजावून सांगितलं, शेठनी ऐकून घेतलं, पण बघत होते माझ्याकडे. उडेल म्हणालो होतो मी. दुसऱ्या दिवशी सकाळी साळा येणार होता.

आता ती जागा. रविवारी सकाळी गाडी गोडाउनबाहेर काढली होती. मिस्तरी हात धुवायला आणि कपडे बदलायला गेला. शेठनी त्याला चांगला शर्ट घालून यायला सांगितलं होतं. बॉनेट उघडं होतं. बॉयलरवर आमची एक रीत होती. कापड घाईचं असलं आणि सेफ्टी वाल्व लवकर उचलायला लागला की इन्स्पेक्शन येईपर्यंत त्याचा नट दोन आटे खाली घ्यायचा, म्हणजे तो जास्त दाबाला उचलतो. सगळे घ्यायचे. बॉयलर दणकट असतो, सोसतो. मी गाडीच्या वाल्वला पाना लावला आणि अडीच आटे आवळले. दोन सवयीचे, अर्धा साळ्यासाठी. ठिपका तुटला. मग मी मिस्तरीच्याच डब्यातला ब्रश घेतला, जुना ठिपका फडक्याने पुसला आणि नवा दिला, अर्धा नटावर, अर्धा बोल्टवर. हात स्थिर होता. गाडीपेक्षा तो ठिपका मी जास्त काळजीने केला असेन.

डुमस रोड तेव्हा मोकळा असायचा. शेठ चालवत होते, साळा शेजारी, मिस्तरी आणि मी मागे स्कूटरवर. अठव्याची वस्ती संपल्यावर शेठनी दाबली आणि गाडी खरोखर उडाली. मिस्तरीच्या पाठीमागून मला तिचा शिट्टीसारखा आवाज ऐकू आला. मला वाटलं, बघ. मिस्तरीने स्कूटर हळू केली आणि मान तिरकी केली, पंपाजवळ करायचा तशी.

“कडकडतंय,” तो म्हणाला. “हे माझं नाही.”

ते वाक्य मी किस्स्यात कधी घेतलं नाही.

वळणापलीकडे पोचलो तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती आणि धूर इतका की शेठ दिसत नव्हते. साळा रुमालाने चष्मा पुसत म्हणाला, “टर्बो तो सारो छे. हवे एने एक गाडी लगाडो.” टर्बो चांगला आहे, आता त्याला एक गाडी लावा. यावर लोक नेहमी हसतात. मीही त्या दिवशी हसलो.

मिलमध्ये ओढून आणून इंजिन खोललं, तर पिस्टनला अंगठ्याएवढं भोक पडलं होतं. शेठनी विचारलं, वाल्व कोणी सेट केला? मिस्तरी वाकला. ठिपका बघितला. बोट फिरवून बघितलं, पेंट अखंड होता. मी सोळा किलोचा गेज काढून हातात धरला होता, न फुटलेली तेवढी एकच वस्तू होती. मिस्तरी उठून म्हणाला, “मी. माझाच हात आहे.” त्याने स्वतःच्या सहीवर विश्वास ठेवला आणि स्वतःला दोषी ठरवलं. मला काही खोटं बोलावंसुद्धा लागलं नाही.

शेठ रागावले नाहीत, तेच वाईट झालं. ते त्याला टर्बो मिस्त्री म्हणायला लागले, मग सगळी मिल म्हणायला लागली. मिस्तरी नट आवळून झाल्यावर परत येऊन तपासायला लागला. मग दोनदा, मग तीनदा. पंपाचा आवाज ऐकून नक्की सांगेना, खोलून बघू म्हणायचा. कामाला वेळ लागायला लागला. वर्षभरात तो गाव गाठून विहिरीच्या मोटारी दुरुस्त करायला बसला. गाडी ताडपत्रीखाली गेली. मला बॉयलरचा इनचार्ज केलं, दाबातलं मला कळतं म्हणून.

दोन महिन्यांपूर्वी नवागामला एका लग्नात मी पुन्हा किस्सा सांगितला. नळीची नक्कल झाली, हशा झाला. पंगत उठल्यावर चाळिशीतली एक बाई जवळ आली. डिंडोलीत दिलेली, मिस्तरीची मुलगी. चिडलेली नव्हती. म्हणाली, “काका, बाबा अजून रात्री गॅसचा नट तीनदा बघतात. आई सांगायची, आधी असे नव्हते. तुम्ही तेव्हा सोबत होतात ना?”

हो म्हणालो. मग पुढच्या आठवड्यात गावी गेलो. सोबत साडीचा तो तुकडा घेतला. फोडलेल्या इंजिनाशेजारून तो मी त्याच दिवशी उचलून ट्रंकेत घातला होता. त्यावरचा आकडा तिथे पडून राहू नये, एवढाच विचार होता. मिस्तरी अंगणात मोटार खोलून बसला होता. त्याने बसायला पाट दिला, चहाचं विचारलं. मी कापड पुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. गेज, साळा, पाना.

त्याने गावच्या बोलीत पहिला प्रश्न विचारला, “कितला आटा?”

“अडीच.”

त्याने ओठांत हिशेब केला. स्प्रिंग कोणती होती हे त्याला आठवत होतं. “किलोजवळ गया व्हई,” म्हणाला. मग, “मंग मनं बरोबर व्हतं.”

मी म्हणालो, माप अगदी बरोबर होतं. तो कापडावरच्या दोन रेघांवरून बोट फिरवत होता. मला वाटलं, आता माफ करेल. म्हातारपणी माणसं करतात असं मी ऐकलं होतं.

“आटा फिरावात, ते तुले समजत नव्हतं,” तो म्हणाला. “पेंट कसाले लाया?”

मग तो मोटारीचं झाकण बसवायला लागला. मी उठलो तेव्हा वर न बघता म्हणाला, “जठे हसाडं, तठे सांग.” चहा राहिला तो राहिलाच.

परत आल्यावर, जिथे हसवलं होतं तिथेच सांगायला, मी पांडेसऱ्याच्या लारीवर गेलो. मिलचे चार-पाच रिटायर लोक तिथे रोज असतात. मी खरा किस्सा सांगितला, नक्कल न करता. ऐकून एकजण म्हणाला, “आधीचाच बरा होता, भाऊ. ती नळीची नक्कल करा ना.”

मी केली नाही. पण आठ दिवसांनी कळलं, तोच माणूस बमरोलीत जुना किस्सा सांगतो आहे, माझ्या नकलेसकट, आणि माझ्यापेक्षा चांगला. म्हणून आता कागदावर घालतो. वाल्व पाव किलोलाच सेट होता. अडीच आटे माझे, पेंट माझा. मिस्तरीच्या मुलीला एक प्रत डिंडोलीला पाठवतो आहे, दुसरी गावी.