घुगऱ्यांवरची वहिनी

आमच्या लालबागच्या चाळीत बारसं कुणाचंही असो, घुगऱ्या शिजवायच्या माझ्या वहिनीनेच. लोकांना वाटायचं, केवढा मान! मान कसला डोंबलाचा! पाळण्याभोवती बायका "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत बाळ हातोहात फिरवायच्या. तिथे बिनमुलाची बाई नको, म्हणून तिला आत स्टोव्हपाशी बसवायचं. हे ठरवणारी माझी सख्खी आई.

गिरणीच्या संपात दादा घरी बसला होता, तेव्हा परळच्या एका डॉक्टरांनी दोघांना तपासलं. दादाच्या शुक्राणूंची संख्या चांगली, पळतातही छान. वहिनीचंही सगळं नीट. पण आईने गॅलरीभर अर्धंच सांगितलं, "माझ्या झिलाचा सगळा बरा आसा!" उरलेलं चाळीने आपलं आपण जुळवलं. दादा गप्प राहिला. गिरणी गेली, निदान एवढं तरी शाबूत आहे म्हणून सुखावला असेल बिचारा. मला त्याची कीव यायची आणि रागही.

पुढे तो भायखळ्याच्या मंडईत लागला, मी दादरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवू लागले. आमचे केस पिकायला लागले, तेव्हा कुठे मी एक नवं संशोधन वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. रविवारी सगळे जेवायला बसलेले, तिथेच सुरू केलं. शुक्राणूच्या डोक्यावर एक प्रथिन असतं, स्त्रीबीजावर त्याच्या जोडीचं. कडी-कोयंडाच म्हणा. कडी नसेल तर शुक्राणू दिसायला धडधाकट, पळणारे, पार बीजापर्यंत पोचणारे. पण आत शिरणं नाही. आणि आपल्या त्या तपासणीत ही कडी दिसतच नाही! जपान्यांनी त्या प्रथिनाला लग्नं जुळवणाऱ्या देवळाचं नाव दिलंय, तेही सांगितलं.

"म्हणजे थंयसर जपानात पण देवाकच गाऱ्हाणा," आई म्हणाली. वहिनीला हसू फुटलं. दादाला नाही.

"म्हणजे खोट माझ्यात असेल?"

"असेल, नसेल. पण हिच्यातच आहे, असं कोण म्हणालं होतं रे?"

वहिनीने मुकाट्याने भात वाढला. मला वाटलं, पालथ्या घड्यावर पाणी.

पुढच्याच महिन्यात शेजारणीच्या नातवाचं बारसं होतं. वहिनी सवयीने स्टोव्हपाशी बसली. एरवी खाली पुरुषांत जाऊन बसणारा दादा सरळ आत आला आणि तिच्या हातातला झारा काढून घेतला.

"घुगऱ्या मी बघतो. तू जा तिकडे."

सगळ्या बायका आईकडे बघू लागल्या. आई तेव्हा ऐंशीला टेकलेली. ती कण्हत कण्हत सरकली आणि पाळण्यापाशी जागा केली.

"ये गो बाय. गोविंद घे."

मी तर रडलेच, सांगायला लाज कसली! वहिनीने बाळ घेतलं. ते पुढचीला द्यायचं असतं, हे ती विसरलीच. पलीकडची बाई हात पुढे करून थोडा वेळ थांबली, मग तिनेही हात खाली घेतले.