आकारामांनी मागितलेली फुली

कुंडलचे आकाराम चिडले की आवाज उंब्रजला पोचायचा. साखर कारखान्यात तीस वर्षं रस आटवायच्या नळ्यांत साचलेली खपली खरवडलेला माणूस तो! सत्त्याण्णव साली डॉक्टर ज्ञानदा त्यांच्या बायकोचा, धोंडुबाईंचा विसराळूपणा तपासायला आली.

"मेंदूत एक प्रथिन साचतं, त्याचा निचरा होत नाही, मग सूज येते," तिनं समजावलं. "सांधेदुखीच्या गोळ्यांनी ही सूज टळते का, यावर आमचं संशोधन चाललंय."

"धा वर्सं गुडघ्यासाठी त्याच गोळ्या खातीय ही! कुटं काय टळलं? आन् साचल्यालं खरवडायला तुमच्यात कुनीच न्हाई?"

"अजून नाही, आजोबा." ज्ञानदा धोंडुबाईंकडे वळली. "आजी, नवऱ्याचं नाव सांगा."

धोंडुबाई गप्प. ज्ञानदानं कागदावर फुली मारली.

"खोडा ती फुली!" आकाराम उसळले. "पन्नास वर्सांत नाव घेतलं न्हाई तिनं माजं. लाजती!"

ओशाळून ज्ञानदानं फुली खोडली. तेवढ्यात धोंडुबाई आकारामांकडे बघत, शेजाऱ्याचं सांगावं तसं म्हणाल्या, "आकाराम."

ज्ञानदा खुशीत बरोबरची खूण करू लागली.

"फुली मारा," आकाराम म्हणाले. या वेळी आवाज उंबऱ्यापर्यंतही पोचला नाही. "वळखलं असतं, तर मेली असती, पर नाव घेतलं नसतं."