‘नाही’चं बटण

आमच्या राइस मिलचे हेडक्लार्क, बडेबाबू, यांच्याइतक्या वेळा ‘नाही’ म्हणणारा आणि तरीही कुणाचं काही न अडवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. चहा घेता का विचारलं की ‘नाही’ म्हणायचे, तोवर कप तोंडाला लागलेला असायचा. सुट्टी मिळेल का, तर नाही. आणि अर्जावर सही झालेली. मी जत तालुक्यातली, ज्वारीच्या मुलखातली. नववीत शाळा सुटली, लग्न झालं आणि ट्रक चालवणाऱ्या नवऱ्यामागं या धानाच्या मुलखात आले. मिलच्या ऑफिसात बडेबाबूंसमोर उभी राहिले. मार्कशीट नाही, काम मिळेल का, असं कसंबसं विचारलं. “नाही,” ते म्हणाले आणि खुर्ची पुढं सरकवली. “बस. मार्कशीटनं काही धान कांडत नाही कोनी.” त्या खुर्चीवर मी अजून बसते.

कॉम्प्युटरशीही त्यांचं तेच. स्क्रीनवर प्रश्नाची चौकट आली की बडेबाबू ‘नाही’चं बटण दाबत. “तो विचारते म्हंजे त्याच्या मनात काही हाय. हो म्हटलं का फसलो.” आमचा मेलचा प्रोग्राम तर दर दोन दिवसांनी विनवायचा, की पुसलेल्या मेलची जागा मोकळी करू का? नाही. दलालांचे भाव, गाड्यांचे नंबर, तांदळाचे फोटो, दिवाळीच्या शुभेच्छा, सगळं एकावर एक साचलेलं. सकाळी प्रोग्राम उघडायला टाकून बडेबाबू चहा पीत, पेपरातल्या निधनवार्ता वाचत, नखं कापत. तरी स्क्रीनवर ते चक्र फिरतच असायचं. “हळू उघडते तं उघडू दे,” म्हणायचे, “तेवढाच वेळ कोनाचं वाईट वाचा लागत नाही.”

दोन हिवाळ्यांमागं आसगावचा एक कामगार मशीनच्या पट्ट्यात ओढला गेला. दवाखान्यापर्यंतही पोचला नाही. शेठ म्हणाले, पट्ट्यावरची जाळी त्यानंच काढली होती, चूक त्याची. तसंच चौकशीत लिहून दिलं. त्याची बायको ऑफिसात आली. रडली नाही, नुसती उभी राहिली.

“जाळी तुटलीच होती बाबूजी. ते रोज घरी सांगत. आता लोक म्हनतेत, पिऊन गेला असंल. तुमच्यापाशी काही कागद हाय का?”

“नाही,” बडेबाबू म्हणाले. त्या ‘नाही’चा मला तेव्हा राग आला होता.

त्याच आठवड्यात शेठनी मला बोलावलं. “मेल उघडेपर्यंत सौदा हातचा जाऊन राहिला. सोमवारपर्यंत धावला पाह्यजे, नाही तं मी दुसरी ऑपरेटर पाहतो.” माझी झोप उडाली. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला फोन करून शिकले. वर्षावर्षाचे वेगळे फोल्डर केले, जुने मेल तिकडं हलवले, उघडतात का ते पाहिलं. मग कचऱ्याचा डबा उघडला तर त्यात हजारो मेल! सगळे निवडले आणि पुसले. अंगण झाडल्यावर वाटतं तसं वाटलं. लगेच चौकट आली, जागा मोकळी करू का? मी ‘हो’वर बाण नेला.

“नाही म्हन,” मागून बडेबाबू. कप हातात होता.

सवयीनं मी ‘नाही’ दाबलं. मग त्यांचं लक्ष रिकाम्या डब्याकडं गेलं आणि ते मटकन बसले.

“पोरी, कचऱ्यातलं कुठी गेलं?”

“पुसलं. कचराच होता ना?”

“माझी माय पाटल्या कोंड्याच्या पोत्यात लपवे. चोर धान उपसते, कोंड्यात हात घालत नाही.” त्यांचा आवाज ओळखू येईना. “जाळीचे मेल त्याच्यात होते. शेठ उठता-बसता मेल पाहते, म्हनून तिथी टाकले होते.”

मी डबा पुन्हा उघडून पाहिला, रिकामाच. पण त्या चौकटीतले शब्द डोळ्यांपुढून हलेनात. जागा अजून मोकळी केलेली नाही, म्हणजे पुसलेलं तिथंच असणार की! दुरुस्तीवाल्यानं फोनवर सांगितलं, कचऱ्याच्या डब्याची जी फाइल असते ती साध्या नोटपॅडमध्ये उघडा. उघडली. मैलभर न समजणारी अक्षरं, आणि त्यात मधेच इंग्रजी लिपीत लिहिलेलं मराठी. दुपारभर मी बोट ठेवून वाचत गेले. फिटरनं लिहिलं होतं, पट्ट्याची जाळी तुटली आहे, मिल बंद ठेवावी. खाली शेठचं उत्तर, सीझन संपल्यावर पाहू. तारीख अपघाताच्या नऊ दिवस आधीची.

“काहून घाबरून राहिली? छाप,” बडेबाबू म्हणाले. मी छापलं, फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि आसगावच्या स्टँडवर जाऊन त्या बाईच्या हातात दोन्ही दिलं. तिनं ते चौकशीत दाखवलं आणि चूक त्याची नव्हती, असं चौकशीच्या कागदावर आलं. ती एवढंच म्हणाली, “आता पोराइले सांगता येईल.”

शेठनी कागद टेबलावर आपटले. “हे ऑफिसातून कोनं देल्लं?” माझ्याकडंच पाहत होते. गावाकडं आईला पाठवायचे पैसे, नवरा आठवडाभर गाडीवर, काय काय डोळ्यांपुढून गेलं.

“बडेबाबू, तुम्ही देले का?”

“हो,” बडेबाबू म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला, आणि तोही खोटा. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. अड्याळला घरी असतात. मी भेटायला गेले, रागावलात का विचारलं. “नाही,” म्हणाले, आणि जेवल्याशिवाय सोडलं नाही.

त्यानंतर मेल धावायला लागला. सकाळी बटण दाबलं की उघडायचा, चहा ओतायलाही फुरसत द्यायचा नाही. पण हल्ली ती चौकट आली की मी ‘नाही’ दाबते. दिवसेंदिवस तो पुन्हा जड होत चाललाय. शेठ विचारतात, “काहून हळू होऊन राहिला वो?” जुना झालाय म्हणते. चक्र फिरत राहतं, आणि तेवढा वेळ मी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत बसते.