निंबाखालची खुर्ची
समस्त मंडळींना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आज मैदान आखणाऱ्या फक्कीच्या वासाने मला एका संशयास्पद साहेबाची आठवण झाली. पन्नासच्या दशकात आंजीजवळच्या आमच्या गावात श्रमदानाने रस्ता होत होता. पावसाआधी तो झाला नाही, तर चिखलात बैलबंडी रुतून माझ्या मामीची वांगी वर्ध्याच्या बाजारात पोचणार नव्हती. सरकारी साहेबाने फक्कीची रेघ ओढली आणि निंबाखाली खुर्ची टाकली. गिट्टी कधी फुटेल हे विचारायचं आणि मुरूम कधी आणायचा याचा मुरूमवाल्यांना निरोप धाडायचा, एवढंच त्याचं काम. घमेल्याला हात नाही. "हा काऊन बसून राह्यला? आपली वावरं हेरून राह्यला," मामी कुजबुजली, आणि सारं गाव त्याच्याकडे तिरकं पाहू लागलं. एक दिवस तो तापाने आलाच नाही. 'थांबा' असा निरोप द्यायला कोणी नव्हतं, म्हणून मुरमाच्या बंड्या लवकर आल्या आणि रस्त्याखालून पाणी जायच्या मोरीचा पाइप बसायच्या आत तिचा खड्डा बुजवून गेल्या. दिवस मावळेपर्यंत आम्ही तोच मुरूम उपसत होतो. दुसऱ्या दिवशी साहेब कण्हत आला आणि उशीर भरून काढायला त्याने स्वतःच घमेलं उचललं. मामीने ते हिसकावून घेतलं, "साहेब, तुमी काई करू नोका जी, पण रोज इथं येऊन बसत जा."