कापलेल्या कडा

"आणि परवा नुमान दारात येऊन हात जोडतो, तेव्हा तू त्याला 'इन्शाल्ला' म्हणतोस! चर्चमधल्या मिस्सेहून आलेल्या तोंडाने!" फ्लोराने कालथा ओट्यावर आपटला.

"हळू बोल," कॉस्मास म्हणाला. "शेजाऱ्यांना मराठी कळत नसेल, ओरडणं कळतं."

"कळू दे. तो काय मागत होता? त्या दिवशी तो व्हिसाच्या मेडिकलला गेला होता, दुकानात नव्हता, एवढंच अर्बाबला सांग. खरं तेच."

"आणि पुढचा प्रश्न? नुमान नव्हता, तर मशीन कुणी चालवलं?"

यावर फ्लोराने सुरमईचे तुकडे उलटायला घेतले. मशीन कुणी चालवलं हे तिला ऐकून माहीत नव्हतं. तिने ते पाहिलं होतं.

कॉस्मास बाइंडर. वसईत मामाच्या दुकानात गायनाची पुस्तकं शिवता शिवता शिकला, लग्न झालं त्याच वर्षी मस्कतला आला, आणि तेव्हापासून सीबच्या सूकच्या, म्हणजे बाजाराच्या, मागच्या त्या एकाच दुकानात आहे. ओमानी मालकाला सगळे अर्बाब म्हणतात. पुढे स्टेशनरी आणि झेरॉक्स, मागे छपाई आणि बाइंडिंग, कापायच्या मशीनवर मदतनीस नुमान. बिलबुकं, शाळेचे प्रोजेक्ट, मशिदीतली फाटकी कुराणं, सगळं त्याच्या हातून जातं. मामाने शिकवलेला एक नियम त्याने कधी मोडला नाही: शिलाई झाली की तीन बाजू कापायच्या. पुस्तक टेबलावरून उठेल ते सुरीसारखं सरळ. अल् घुब्रातल्या या भाड्याच्या घरातही तो टॉवेलच्या घड्या पुन्हा घालायचा. फ्लोरा म्हणायची, "माझ्या केसांची टोकं तेवढी राहिलीत, तीही सरळ कर."

मग इब्रा गावाहून एक जुनं पुस्तक दुरुस्तीला आलं. अर्बाबची सासुरवाडी तिकडची. त्या घराचे पूर्वज झांझिबारला व्यापार करायचे, तिथे अमेरिकेच्या सेलम बंदराहून जहाजं यायची. अशाच एका जहाजाच्या कप्तानाने ते दिलं, असं घरचे सांगत. भरती-ओहोटी आणि वाऱ्यांची माहिती असलेलं, सेलममध्येच छापलेलं. पहिल्या पानावर छापणाऱ्याचं नाव, आणि खाली जाहिरात: याच दुकानी कागद, शाई आणि पिसाच्या लेखण्या मिळतील. कॉस्मास खूश झाला होता. "बघ फ्लोरा, दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत आपलंच दुकान! फक्त झेरॉक्स नाही."

फ्लोरा त्या दिवशी डबा घेऊन गेली होती. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. निरोप होता, 'शिलाई सुटलीय, घट्ट करून द्या.' कॉस्मासने ती घट्ट केली. मग त्या खडबडीत, खालीवर झालेल्या कडांकडे बघून नाक मुरडलं, पुस्तक मशीनमध्ये सरकवलं आणि पाती खाली ओढली. "लोणी," तो म्हणाला. कापलेल्या पट्ट्या कचऱ्याच्या पोत्यात गेल्या. पट्ट्यांवर शाईच्या बारीक रेघा होत्या. फ्लोराला त्या दिसल्या. तिला वाटलं, डाग असतील.

ते डाग नव्हते. त्या काळचे अमेरिकन छापणारे पुस्तक नुसतं टाचून विकत, कडा न कापता. ज्याला परवडेल त्याने नंतर बांधून घ्यावं. कप्तानाने ते बांधून घेतलंच नाही, म्हणून समास रुंद राहिले. इब्राच्या त्या घरच्या पूर्वजांनी त्या समासांत कडेपर्यंत लिहिलं होतं: कोणत्या वाऱ्याला जहाज निघालं, कोण परत आलं, कोण आलं नाही. आता प्रत्येक ओळ मध्येच तुटत होती. परत न आलेल्यांची अर्धी नावं सीबच्या कचऱ्यात गेली होती.

पुस्तक परत हातात आलं तेव्हा अर्बाब ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने शांतपणे विचारलं, "मशीन कोण चालवतो?"

"नुमान," कॉस्मास म्हणाला.

उत्तर खरंच होतं. रोज नुमानच चालवायचा. अर्बाबने मान हलवली आणि नुमानचा पासपोर्ट कपाटातून काढून स्वतःच्या खिशात ठेवला.

तेव्हापासून कॉस्मासच्या इमारतीखाली एक पांढरी गाडी येऊन थांबायची. कुणी उतरायचं नाही, इंजिन चालूच. थोड्या वेळाने निघून जायची. कॉस्मास म्हणायचा, कुणाचीतरी असेल. पण तो पडदा सरकवून बघायचा. कालपासून नुमानचा फोन बंद होता. त्याच्या खोलीतली मुलं म्हणाली, दोन माणसं आली, खोलीची चावी मागून घेतली, तो त्यांच्याबरोबर गेला. आणि आज सकाळी रत्नागिरीहून वजीराचा फोन. नुमानची बायको. "भाभी, यांचा फोन लागत नाय. कॉस्मासभाय आहेत ना तिथं? मग मला घोर नाय." फ्लोराने हो म्हटलं होतं.

तिने ताटं वाढली. इलेन पुस्तक घेऊनच जेवायला बसली, तिची बारावीची परीक्षा तोंडावर होती.

"पप्पा, नुमान अंकल... म्हणजे, त्याला जेल होणार?"

"तू जेव."

कॉस्मासचा फोन वाजला. तो उभा राहिला. अर्बाबशी तो नेहमी उभ्यानेच बोलायचा. "जी अर्बाब... जी... उद्या... जी." फोन ठेवून तो बसला आणि भाताचे ढीग सारखे करू लागला.

"उद्या सकाळी गाडी येतेय. इब्राला जायचंय, घरच्या वडीलधाऱ्यांसमोर. मी नुमानचं नाव घ्यायचं. मग खलास, पुढचं अर्बाब बघणार."

"पुढचं म्हणजे काय?"

"मी विचारलं नाही."

"नाहीच विचारणार."

"कुणासाठी करतोय मी?" त्याचा आवाज चिरकला. "हिची परीक्षा, पोराची, शेरविनची मुंबईतली फी, हे घर. माझा व्हिसा गेला तर सगळ्यांचा गेला. नुमान एकटा आहे इथे."

"एकटा आहे म्हणूनच त्याला धरलाय."

"तो आज ना उद्या गावी जाणारच होता!"

"चावी घेऊन नेतात तसा?"

खाली इंजिनाचा आवाज आला. कॉस्मास खिडकीकडे वळला, पण उठला नाही. इलेनने आईकडे पाहिलं. गाडी तशीच गुरगुरत राहिली.

फ्लोराने इलेनच्या ताटात माशाचा तुकडा वाढला, काटा काढून दिला. मग हात धुऊन आली.

"उद्या त्या गाडीत मीही बसणार आहे," ती म्हणाली. "अर्बाबला हिंदी कळतं. पाती तू ओढलीस, मी समोर होते, नुमान नव्हता, हे मी सगळ्यांसमोर सांगणार. इलेन, परीक्षा द्यायला मिळाली तर दे. नाही मिळाली तर वसईला देशील. शेरविनला मी कळवते."