जहाजाचं तेल आणि कामरगावचा जबाब

समुद्राचं तोंडही न पाहिलेल्या वाशीम जिल्ह्यात जहाजाच्या इंधनावरून गुन्हा दाखल होईल, असं कोणी म्हटलं असतं तर मी हसलो असतो. पण तो माझ्याच ठाण्यात दाखल झाला, आणि निवृत्तीनंतरही मनातून गेलेला नाही.

मी तेव्हा ठाणेदार होतो. सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात कामरगावची एक बाई आली. मळ्यात भाजीपाला पिकवून बाजारात विकणारी. तिचा एकुलता एक मुलगा मालवाहू जहाजावर कनिष्ठ इंजिनीअर होता आणि नुकताच घरी परतला होता.

"साहेब, पोरगं कालपासून गायब हाय. फोन बंद येऊन राह्यला."

"कोणासोबत गेला?"

"दोघं जन जीपमधी आलते. पोरीचं स्थळ आनलं म्हने. पन साहेब, पोरगी पाहाले जानारा घरातल्या फाटक्या स्लिपरवर जाईन का?"

मला ते पटलं. हरवल्याची नोंद घ्यायला लावली आणि ओळखीच्या जीपवाल्यांना निरोप धाडले. दुपारी त्यांच्यातल्याच एकाने खबर दिली: असे तिघे तालुक्याच्या एका लॉजवर आहेत. आम्ही पोचलो. दोघे खुर्च्यांवर, मुलगा पलंगाच्या कडेला. त्याचा मोबाइल त्यांच्यापैकी एकाच्या खिशात.

तरी मुलगा म्हणाला, "साहेब, मी माह्या मर्जीनं आलो."

ठाण्यात आणून दोघांना वेगवेगळं बसवलं. मुलगी कुठली, एवढंच विचारलं. एक म्हणाला अकोल्याची, शिक्षिका. दुसरा म्हणाला अमरावतीची, नर्स. खोटं पाठ करताना माणसं मोठ्या गोष्टी ठरवतात, साध्या राहून जातात. पण ज्याला अडवलं तोच तोंड उघडत नसेल तर नुसत्या खोट्यावर गुन्हा उभा राहत नाही.

मुलाला माझ्या खोलीत बसवलं. दार लोटलं, त्याच्यापुढे जेवण ठेवलं. त्याने हात लावला नाही.

"तुझी आई बाहेर बाकावर बसली आहे," मी म्हणालो. "तिनंही सकाळपासून काही खाल्लं नाही."

तो रडायला लागला. मग बोलला. हवा बिघडू नये म्हणून युरोपच्या ठराविक समुद्रात शिरण्याआधी जहाजाला कमी गंधकाच्या इंधनावर यावं लागतं. ते महाग. वरिष्ठ इंजिनीअरने स्वस्त, जड तेलच चालू ठेवायला सांगितलं. बंदरावर तपासनीसांनी इंधनाचा नमुना घेतला आणि जहाज अडकलं. आता सगळं खापर याच्यावर फुटणार होतं. हे दोघे जहाजांवर नोकरी लावणाऱ्या एजंटची माणसं. वरिष्ठाला वाचवण्यासाठी 'चूक माझी एकट्याची' असं मोबाइलवर वदवून घ्यायला आली होती.

"नाही म्हनलो तर परदेशात जेल होईन म्हने. आन आईचा मळा नीट राहनार नाही म्हने."

"मग खरं काय ते इथं सांगशील?"

त्याने दाराकडे बोट केलं. "आईले आत बोलवा. तिच्यासमोर सांगतो."

तिच्यासमोर त्याने जबाब दिला. अडवून ठेवणं आणि धमकी, असा गुन्हा दाखल झाला. एजंटलाही अटक केली. बंदराच्या तपासनीसांसमोर मुलाने व्हिडिओ कॉलवर तेच सांगितलं, आणि दोष वरिष्ठावर गेला. मुलाला मात्र पुन्हा जहाज मिळालं नाही. एजंट लोक एकमेकांना सांगतात. तो आता अकोल्यात जनरेटर दुरुस्त करतो.

जामिनावर सुटलेला एजंट कामरगावच्या बाजारात दिसला, तेव्हा त्या बाईला मी विचारलं, भीती वाटते का?

"वाटते ना. पन पोरगं आता रातचं झोपते साहेब."

खरं बोलायला धैर्य लागतं, असं आपण सहज म्हणतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी पाहिलं ते वेगळं. भेदरलेल्या माणसाला आधी लोटलेलं दार लागतं आणि जवळ आपलं माणूस. ते दोन्ही मिळवून देणं एवढंच पुष्कळदा आमचं काम असतं, आणि मी ते फार उशिरा शिकलो.