रिकाम्या गाडीचा ब्रेक

बसवंतने ब्रेक दाबला आणि ट्रकची मागची बाजू पुढे यायला लागली.

बिलोलीत डाळ उतरवून तो उदगीरला परत निघाला होता. गाडी रिकामी. भुरभुर पाऊस. देगलूरच्या अलीकडे वळणावर एक मोटारसायकल थांबलेली दिसली, म्हणून त्याने ब्रेक दाबला. मागची चाकं फिरायचीच थांबली. ट्रक आडवा होत घसरत गेला आणि मोटारसायकलपासून हातभरावर थांबला.

मोटारसायकलवाल्याने चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. मग किक मारून निघून गेला. त्याने शिवी घातली असती तर बसवंतला बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून बसवंत पावसाच्या धास्तीने आभाळाकडे बघायला लागला. आपल्या हातून कुणीतरी मरणार, हे त्याच्या मनाने घेतलं. कोण, ते ठरलं नव्हतं. रस्त्याकडेने चालणारा प्रत्येक माणूस त्याला तोच वाटायचा.

तसा तो सावध माणूस. उदगीरजवळच्या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी वाढला. धाकट्या भावाकडे शेत सोपवून ट्रकवर आला, आधी दुसऱ्याच्या, मग स्वतःच्या. गाडी चालवताना तंबाखू नाही, गाणी नाही. दुसरे ड्रायव्हर त्याला 'मास्तर' म्हणून चिडवायचे. इतक्या वर्षांत त्याच्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नव्हती. हे तो कधी बोलून दाखवायचा नाही, पण मनात धरून असायचा.

उदगीरला मन्मथअप्पांचं गॅरेज. बसवंतने गाडी तिथे लावली.

"पावसात मागची चाकं जाम व्हायलीत, अप्पा."

"कोरड्यात?"

"कोरड्यात न्हाई."

अप्पांनी आधी हवेच्या टाकीचा नळ सोडला. टाकीत पाणी साचलं की ब्रेक अडकतात. फुस्स करून हवा निघाली, पाण्याचा थेंब नाही. मग त्यांनी मागचे ड्रम उघडले. आतले ब्रेकचे लायनर चांगले होते. गरज नव्हती, तरी स्प्रिंगा बदलल्या. शेवटी दोघांनी बादल्या भरून चाकांवर पाणी मारलं आणि रिकामी गाडी मैदानात पळवली. बसवंतने डोळे बारीक करून ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबली.

"ह्यो बघ. गाडी तुझ्यापेक्षा शहाणी हाय," अप्पा म्हणाले.

पुढची खेप भरलेली होती. धो धो पाऊस होता आणि गाडी सरळ थांबत होती. उलट पावसात जास्तच चांगली थांबत होती. बसवंतला हायसं वाटलं. येताना मात्र गाडी रिकामी होती, पाऊस तोच होता. गावाजवळ एक म्हैस आडवी आली. ब्रेक दाबताच ट्रक फिरला आणि तोंड आलेल्या रस्त्याकडे करून उभा राहिला. म्हैस चालत पलीकडे गेली. म्हशीमागे एक बाई होती. ती डोक्यावरचा भारा सावरत खाली बसली आणि बराच वेळ उठली नाही. तिला काही लागलं नव्हतं. 

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"एक बोलू का? राग धरू नको."

"बोला."

"पाय जड झालाय तुझा. भ्यालेला माणूस ब्रेकवर उभाच राहतो."

 बसवंतलाही तेच वाटायला लागलं होतं. घरी दीपमाला, त्याची बायको, जेवताना म्हणाली, "ताट सरकायलंय बघा. काय दाबायलाव पायानं?" तो डावा पाय दुमडून बसला होता आणि त्याचा उजवा पाय ताटाची कड रेटत होता.

"काही न्हाई."

"मग भाकरीला ब्रेक लावू नका. खावा."

ती हसली. त्याला हसता आलं नाही. दोष गाडीत असता तर काढता आला असता. पायातला कसा काढायचा?

दुसऱ्या दिवशी सकाळपासून झड लागली. बसवंत भिजत गॅरेजवर आला. गाडी बाहेरच उभी होती.

"अप्पा, पावसातच बघायचं. रिकामीच. तुम्ही ब्रेक दाबा, मी खाली जातो."

"चिखल हाय लई."

"असू दे."

अप्पा केबिनमध्ये चढले. चाकांना दगड लावलेले होते, तरी ते नीट बसलेत का हे बघूनच बसवंत ट्रकखाली सरकला. या गाडीवर त्याचा भरवसा उरला नव्हता. पाणी चासीवरून त्याच्या तोंडावर ठिबकत होतं. अप्पांनी ब्रेक दाबला, सोडला. चाकांपाशी काहीच वेगळं दिसेना. आधारासाठी बसवंतने वर हात घातला. हाताला दोरी लागली.

ती त्यानेच बांधली होती.

मागच्या एक्सलच्या वर एक वाल्व असतो. गाडी भरली की त्याची दांडी वर उचलली जाते आणि मागच्या ब्रेकला जास्त हवा मिळते. गाडी रिकामी झाली की दांडी खाली येते, हवा कमी होते. दांडीला एक्सलशी जोडणारी सळई उन्हाळ्यात तुटली होती. बसवंतने हत्यारांच्या पेटीतला, गुरं बांधायच्या दाव्याचा तुकडा काढला आणि दांडी अर्ध्यावर चासीला बांधून टाकली. भरलेल्या गाडीलाही चाललं, रिकामीलाही चाललं. मग तो विसरला. दोरीवर चिखल चढला. अप्पांच्या नजरेला ती केबलसारखीच दिसली असणार.

दावं अंबाडीचं होतं. त्याची आई गुरम्मा हिने वळलेलं.

आता ती दोरी तारेसारखी ताठ झाली होती. दांडी पार वर ओढली गेली होती. गाडी रिकामी होती आणि वाल्वला ती भरलेली वाटत होती, म्हणून जास्तीच्या हवेने मागची हलकी चाकं जाम होत होती.

बसवंत चिखलात तसाच पडून राहिला. पाऊस आला की अंबाडीचं दावं आवळतं; बादल्यांचं पाणी चाकांवरच पडलं होतं, दोरीपर्यंत पोचलं नव्हतं. लहानपणी आभाळ भरून आलं की गुरम्मा हातातलं काम टाकून ओरडायची, "बसवंता, दावी सैल कर आधी, जनावराला फास बसंल." तो गोठ्यात पळायचा. कितीतरी वेळा पळाला होता. शेतकऱ्याच्या पोराला हे कुणी शिकवावं लागत नाही. ट्रकखाली मात्र त्याला ते आठवलं नव्हतं.

"काय रे? झोपलास का?" वरून अप्पांचा आवाज आला.

"अप्पा, खाली या."

अप्पांनी वाकून बघितलं. बोटाने दोरीवरचा चिखल पुसला.

"बैल बांधलास का इथं?"

"हाव," बसवंत म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

दोरी कापली. नवी सळई बसवली. पाऊस चालूच होता, म्हणून अप्पा म्हणाले, आत्ताच बघून घेऊ. गावाबाहेर मोकळा सरळ रस्ता बघून बसवंतने गाडीला वेग दिला. अप्पा शेजारी बसले होते.

"दाब."

त्याने हळूच दाबला. गाडी रेंगाळत थांबली.

"असा न्हाई. त्या दिवशीसारखा दाब."

पुन्हा वेग. रस्त्यावर कुणी नव्हतं. तरी वायपरच्या मागे त्याला चष्मा पुसणारा माणूस दिसला, खाली बसलेली बाई दिसली.

"दाब, बसवंता."

त्याने दाबला. जीव खाऊन दाबला. ट्रक पुढे वाकला, थरथरला आणि आपल्याच बाजूला सरळ उभा राहिला.

अप्पा हसले. त्यांनी खिडकीची काच खाली घेतली, ओला हात तोंडावरून फिरवला. "झालं. चल, चहा पाज."

बसवंत हलला नाही. मागून एक ट्रॅक्टर आला, थांबला, हॉर्न वाजवायला लागला.

"पाय काढ की आता," अप्पा म्हणाले.

"काढतो," बसवंत म्हणाला. त्याचा पाय ब्रेकवर तसाच होता.